न दिलेली दाद

पोलंडमधल्या वूच शहरातल्या त्या वाचनालयात जानेवारीत कोट घालून आत जायची सोय नाही. कोट उतरवायचा, खिडकीतून आत द्यायचा आणि नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा. बिल्ला देणारा माणूस म्हणजे हातिफ शन्नावा. डोक्यावरचे केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर, त्यामुळे कायम रागावल्यासारखा दिसायचा. तसा रागीट नव्हता हो. बावीस वर्षं त्याने या शहराचे कोट टांगले. कुणाचं अस्तर फाटलंय, कुणाच्या खिशाला खारवलेल्या माशाचा वास येतो, कोण बायकोला चोरून सिगरेट ओढतो, सगळं त्याला ठाऊक होतं. बोलायचा मात्र कधी नाही.

हा मूळचा समावाचा. इराकात, फुरात म्हणजे युफ्रेटिस नदीच्या काठी, विटांच्या भट्ट्या आणि सिमेंटचा कारखाना असलेलं गाव. तेविसाव्या वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर कापड रंगवायचं शिकायला पोलंडला आला. चार वर्षांत परत जायचं असं आईला सांगून निघाला होता. तिसऱ्या वर्षी तिकडे लढाई पेटली आणि बापाचं पत्र आलं, येऊ नकोस, इथे तुझ्या वयाची पोरं परत येत नाहीयेत. मग राहिला. गिरणीत रंगारी झाला. पुढे वूचच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा वाचनालयात चिकटला. मधल्या काळात लग्न झालं आणि मोडलंही. त्यात कुणाचाच फार दोष नव्हता.

एवढ्यावरच हे आयुष्य संपलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. अशी माणसं वूचमध्ये ढिगाने सापडतील. पण हातिफच्या डोक्यात एक खूळ होतं, त्याचं नाव उस्ताद रैसान.

रैसान समावात शाळामास्तर होता. हातिफच्या शेजारच्या घरात राहायचा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा. कविता करायचा, आणि नुसत्या करायचा नाही, म्हणायचा. संध्याकाळी त्याच्या बैठकीत गल्लीतली माणसं जमायची. विटांच्या भट्टीवरचे मजूर, हमाल, कारकून, एक आंधळा मोची. रैसान उभा राहून अर्धी ओळ फेकायचा आणि थांबायचा. पुढचा यमकाचा शब्द लोकांनीच उचलायचा. ओळ काळजाला भिडली की कुणीतरी ओरडायचं, "परत!" मग दुसरा, मग चौघं. तीच ओळ दोनदा, तीनदा, कधी पाचदा व्हायची. ज्या ओळीला कुणी "परत" म्हणत नाही ती मेली असं समजायचं, दुसऱ्या दिवशी रैसान ती वहीतून खोडून टाकायचा. हातिफ लहानपणापासून या बैठकीत वाढलेला. सगळ्यात आधी ओरडणारा तोच असायचा. रैसान कौतुकाने म्हणायचा, "या पोराचा गळा म्हणजे माझा तराजू आहे."

आता अशा कवीचं पुस्तक निघू नये? नाही निघालं. तरुणपणी राज्यकर्त्यांच्या आरत्या ओवाळल्या नाहीत म्हणून बगदादच्या छापखान्यांनी दारातूनच वाटेला लावलं. नंतर निर्बंधांच्या काळात देशात कागदच नव्हता. कागद आला तोवर हा कोण रैसान, हे बगदादात कुणाला माहीत नव्हतं. वहीवर वही भरत गेली आणि माणूस म्हातारा होत गेला.

इकडे वूचमध्ये बोगुमिलाबाई हातिफच्या आयुष्यात आल्या त्या कोट मागायला. निवृत्त शिक्षिका, स्वतः कविता लिहिणाऱ्या, दोन बारीक पुस्तकं नावावर. एका संध्याकाळी खिडकीशी आल्या तर हातिफ कोटांच्या रांगेत उभा राहून स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता.

"काय म्हणताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आमच्या गावच्या मास्तरांची कविता आहे."

"मग मोठ्याने म्हणा की. कोटांनी ऐकली तर मीही ऐकीन."

तिथून सुरुवात झाली. मे ते सप्टेंबर कुणी कोट घालत नाही, कोटघर रिकामं पडतं. तिथेच दर गुरुवारी दोघं बसायची. हातिफ आधी अरबीत कविता म्हणायचा, मग मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये अर्थ सांगायचा. बाई लिहायच्या, वाचून दाखवायच्या. हातिफ डोळे मिटून टेबलावर बोटाने ठेका धरायचा. ठेका चुकला की म्हणायचा, "बाई, उस्ताद इथे लंगडत नाहीत, तुम्ही लंगडताय." बाई चिडायच्या. "तुमचे उस्ताद पोलिशमध्ये चालून दाखवू देत एकदा," असं म्हणून कागद फाडायच्या आणि पुन्हा लिहायच्या. एका ओळीपायी एक अख्खा जून महिना गेला. असं वीस वर्षं चाललं. एकशे चार कविता झाल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. अशी माणसं असतात, काय करणार.

अधूनमधून बाई त्या कविता वाचकमंडळात वाचायच्या. पंधरा-वीस माणसं यायची. हातिफ लगेच समावाला लिहायचा, "उस्ताद, इथे तुमच्या कवितेवर लोक जीव टाकतात." रैसान ती पत्रं बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचा. समावात सगळ्यांना पाठ झालं होतं की आपल्या मास्तरांवर पोलंडचे लोक जीव टाकतात. म्हातारपणी त्याला दुसरं काय होतं? मधुमेह, निवृत्तीचं तुटपुंजं वेतन आणि ही पत्रं.

शेवटी एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक काढायचं कबूल केलं. एकच अट होती, कवीची लेखी परवानगी. आणि वाचनालयाने ठरवलं की कवीलाच बोलवू, इथेच कविता वाचून घेऊ, इथेच सही घेऊ. व्हिसासाठी आठ महिने खेटे घालावे लागले, पण नोव्हेंबरात सत्तर वर्षांचा रैसान विमानातून उतरला. अंगात मुलाचं जाकीट, हातात खजुरांचा डबा. सदतीस वर्षांनी दोघं भेटले. दोघंही इतके रडले की विमानतळावरची सफाई करणारी बाई पाण्याची बाटली घेऊन आली.

"कागद कुठंय तुझा? आण, सही करतो," गाडीत बसल्या बसल्या रैसान म्हणाला.

"अहो उस्ताद, घाई काय आहे? आधी तुमचा कार्यक्रम होऊ दे, मग सगळ्यांसमोर मानाने सही करा."

हातिफचं आयुष्य पाहिलं तर चुका पुष्कळ आहेत, पण हे एवढं एक वाक्य त्याने गिळलं असतं तर किती बरं झालं असतं. गाडीतच सही झाली असती.

रविवारी दुपारी चारला सभागृह भरलं. एकशे तीस माणसं. बाहेर चिखल झालेला बर्फ, तरी आली. त्या दिवशी हातिफने कोटघरात दुसऱ्याला बसवलं होतं आणि स्वतः इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. टेबलावर दिवा, पाण्याचा ग्लास, बाजूला बोगुमिलाबाई. आयोजकांनी रैसानसाठी खुर्ची ठेवली होती, त्याने ती मागे सारली आणि उभा राहिला.

पहिली कविता नदीवरची. नदी गावापासून दूर सरकली तेव्हा बायका रिकाम्या घागरी घेऊन तिच्या मागे मागे जातात, अशी. रैसानचा आवाज अजून खणखणीत होता. त्याने अर्धी ओळ फेकली आणि थांबला.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत फेकली, थोडी वरच्या पट्टीत. परत थांबला. लोक श्वास रोखून बसले होते. पोलंडमध्ये कवितेपुढे असंच बसतात. खोकला आला तर रुमालात दाबतात, खुर्ची करकरली तर शरमतात. जितकी कविता आवडते तितके गप्प होतात. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि नाक ओढल्याचा आवाज होईल म्हणून ती ते पुसतही नव्हती. रैसानला एवढंच दिसलं की एकशे तीस माणसं दगडासारखी बसली आहेत.

त्याने ओळ स्वतःच पुरी केली. दुसरी कविता घाईत म्हटली. तिसऱ्या कवितेत, जिच्यावर समावात माणसं उठून नाचायची, त्याचा आवाज बसला. अकरा कविता ठरल्या होत्या. तीन झाल्यावर त्याने वही मिटली आणि मागे सारलेल्या खुर्चीत जाऊन बसला. मग बोगुमिलाबाईंनी भाषांतरं वाचली. ती संपल्यावर सगळं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात. फुलं आली. रैसानने फुलं घेतली, छातीवर हात ठेवला, वाकला. हातिफ कागद आणि पेन घेऊन पुढे झाला तेव्हा तो हळूच म्हणाला, "आधी घरी चल."

घरी हातिफच्या स्वयंपाकघरात बोगुमिलाबाईही आल्या होत्या, खसखशीचा केक घेऊन. हातिफने चहा केला, तिकडच्यासारखा काळा, अर्धा ग्लास साखर घातलेला. रैसानने ग्लासाला हात लावला नाही.

"हातिफ," तो म्हणाला, "तू मला वीस वर्षं खोटं का लिहिलंस?"

"कसलं खोटं, उस्ताद?"

"जीव टाकतात म्हणे. मी पाहिला टाकलेला जीव. मयताला आल्यासारखी बसली होती माणसं."

हातिफने कपाळावर हात मारून घेतला. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला होता. तो घाईघाईने सांगू लागला, इथली रीतच तशी आहे, आवडलं की इथे गप्प बसतात, टाळ्या नाही का ऐकल्या तुम्ही.

"टाळ्या शाळेत बक्षीस देतानाही वाजतात. पाहुणा जायला निघाला की लोक टाळ्या वाजवतात."

बोगुमिलाबाईंनी काय चाललंय ते विचारलं. हातिफने सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. त्या रैसानकडे वळून सावकाश बोलल्या आणि हातिफ अर्थ सांगत गेला. "उस्ताद, त्या म्हणतायत, आम्ही चर्चमध्ये बसतो ना, तसे आम्ही तुमच्यापुढे बसलो होतो. याहून मोठा मान आमच्याकडे नाही."

रैसानने ऐकून घेतलं. बाईंशी तो अदबीनेच बोलला. "त्यांना सांग, देवाला दाद लागत नाही. तो एकटा राहू शकतो. मला लागते." मग म्हणाला, "बाईंवर माझा राग नाही. त्या लोकांवरही नाही. परकी माणसं, त्यांना भाषा येत नाही, रीत माहीत नाही. त्यांचं सोड. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

हातिफने चहाचा ग्लास त्याच्यापुढे आणखी सरकवला.

"तू पहिल्या रांगेत होतास. तुला ओळ पाठ होती. पुढचा शब्द तुला दहाव्या वर्षापासून येतो. मी दोनदा थांबलो. पहिल्यांदा लोकांसाठी थांबलो, दुसऱ्यांदा तुझ्याकडे बघून थांबलो."

"लाज वाटली, उस्ताद," हातिफ म्हणाला. "एवढ्या लोकांत एकट्याने ओरडायचं म्हणजे."

हेही खोटंच होतं, आणि त्याचं त्यालाच ते कळत होतं. लाज वाटली असती तर बरं झालं असतं. लाज वाटायला निदान आधी ओठांवर शब्द यावा लागतो. त्याला तो शब्द आलाच नव्हता. उस्ताद थांबले तेव्हा तो मांडीवर हात घेऊन, पाठ ताठ करून बसला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि मनात एकच होतं, किती सुंदर, कुणी खोकू नये. ट्राममध्ये हळू बोलायचं, जिन्यात पाय वाजवायचे नाहीत, दुसऱ्याच्या मधे तोंड घालायचं नाही, असं सदतीस वर्षं शिकत शिकत तो कधी पुरता इथला झाला ते त्याला कुणी कळवलंच नव्हतं. आणि ही गोष्ट म्हाताऱ्यापुढे कबूल करायची त्याची छाती झाली नाही.

"कागद दे," रैसान म्हणाला. हातिफने आशेने दिला. रैसानने दोन्ही पानं नीट बघितली, पोलिश अक्षरांवरून बोट फिरवलं आणि घडी करून परत दिला. "ज्या ओळीला कुणी परत म्हणत नाही तिचं मी काय करतो ते तुला माहीत आहे."

बाईंनी हात जोडल्यासारखे केले. हातिफने दोन दिवस मिनतवाऱ्या केल्या. तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईला शोधून घरी आणलं; ती बिचारी खुर्चीच्या टोकावर बसली, मला फार आवडलं म्हणाली आणि पुन्हा गप्प झाली. रैसानने तिला खजूर दिले. जाताना विमानतळावर हातिफला मिठी मारली, पण म्हाताऱ्याच्या हातांत जोर नव्हता.

त्यानंतर चौदा महिने फोनवर रैसान आला नाही. फोन त्याचा मुलगा अकील उचलायचा. बाबा झोपलेत, बाबा दवाखान्यात गेलेत, बाबा नमाजला बसलेत. हातिफ विचारायचा, नवीन काही लिहिलं का त्यांनी? अकील म्हणायचा, विचारून सांगतो. कधी सांगितलं नाही. प्रकाशकाने वर्षभर वाट पाहिली, मग कळवलं की फेब्रुवारीअखेर कागद आला नाही तर आम्हाला दुसरं पुस्तक घ्यावं लागेल. बोगुमिलाबाईंची नजर तोवर गेली होती. त्या कविता आता चाचपून ओळखायच्या, कुठल्या फाइलीत कुठली ते. "हातिफ," त्या म्हणायच्या, "मी जिवंत असेपर्यंत होईल का हो हे?" हातिफ म्हणायचा, होईल, बाई. खोटं बोलायची आता सवय झाली होती.

जानेवारीच्या एका दुपारी कोटघरात कुणा समावावाल्याचा निरोप आला, मास्तर गेले, तीन दिवस झाले. हातिफने खिडकीला "पाच मिनिटांत येतो" अशी पाटी लावली आणि मागच्या बाजूला, कोटांच्या रांगांमध्ये जाऊन फोन लावला. अकीलने उचलला. हातिफ रडला, अकील रडला. जे बोलायचं ते सगळं बोलून झालं.

मग हातिफने जीभ रेटून विचारलं. "बेटा, ही वेळ नाही, मला कळतं. पण त्या कागदावर आता वारस म्हणून तुझी सही चालेल. पुस्तक निघेल. आता तुझ्या हातात आहे."

"काका, मी नाही करू शकत. बाबांनी बजावून ठेवलंय. आणि..." तो अडखळला. "आणि घरात आईला काय सांगू? कुणासाठी सही केली म्हणून सांगू?"

"म्हणजे?"

"बाबा तिकडून परत आले ना, तेव्हा दारातच म्हणाले, आपला हातिफ गेला. मला न्यायला आला होता तो कुणी पोलिश माणूस होता. आईने सरळ अर्थ घेतला. ती छाती बडवून रडायला लागली. बायका जमल्या. बाबांनी कुणाला थांबवलं नाही. तीन दिवस दुखवट्याची, फातिहाची बैठक झाली तुमच्या नावाने. कडू कॉफी झाली, जेवण झालं. बाबा स्वतः दारात उभे राहून लोकांना भेटत होते. मला खरं नंतर कळलं, तुमचा फोन आला तेव्हा. मी घाबरून कुणाला सांगितलं नाही. अजून नाही सांगितलेलं."

हातिफच्या खांद्याला कुणाचातरी ओला लोकरी कोट लागत होता. "कोण कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"सगळे आले होते, काका. भट्टीवाले आले होते. आंधळ्या मोच्याची मुलं आली होती. तुमच्या शाळेतले जे जे उरलेत ते सगळे." अकीलचा आवाज जरा मोकळा झाला. "बाबांनी तुमच्यावर कविता म्हटली. त्यांची शेवटची. लोकांनी तिची पहिली ओळ सहा वेळा म्हणायला लावली. इतकी दाद बाबांना आयुष्यात मिळाली नव्हती."

"म्हणून दाखव," हातिफ म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ताच म्हण."

अकीलला बापाचा गळा नव्हता, पण लकब तीच होती. त्याने घसा खाकरला आणि अर्धी ओळ म्हटली: "आमच्या गल्लीचा गळा होता तो, बर्फाने त्याला नेलं, आणि आम्ही पेटवून बसलो..." आणि बापासारखाच थांबला. पुढचा शब्द काय, ते समावातल्या लहान पोरालाही समजलं असतं.

फोनवर काही आवाज आला नाही. अकीलने वाट पाहिली. मग तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने, आणि पुन्हा थांबला.

"काका? आहात ना तुम्ही?"

हातिफ होता. कोटांच्या रांगेत पाठ ताठ करून, फोन कानाशी घट्ट धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता तो मन लावून ऐकत होता.